तालुक्याला पुरलेली डोळ्यांची जोडी

१९९५ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर डोळे मिटलेला एकही फोटो माझ्या दुकानातून बाहेर गेला नव्हता.

माझं शिक्षण तिसरी. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "बबनराव, धंद्यातलं काहीतरी लिहून द्या, आम्ही शुद्ध करून घेऊ." मी म्हणालो, शुद्ध करायचंच असेल तर गोमूत्र शिंपडा, शब्दाला हात लावू नका. त्यांनी कबूल केलंय. छापून आल्यावर कळेल.

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान, 'हसतमुख फोटो स्टुडिओ'. नाव मीच ठेवलं. पण खरं सांगायचं तर हसणारी गिऱ्हाइकं कमी आणि मेलेली जास्त. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही म्हणून सांगतो. त्या काळी वरच्या डोंगरी वाड्यांतला माणूस जन्मात एकदाही फोटो काढायचा नाही. शेतातून सवड नाही, दिवसाला एक गाडी, आणि फोटोचं काम काय. तो मेला की घरच्यांच्या ध्यानात यायचं, अरे, आता भिंतीवर लावायचं काय? मग एक जण पळत तळेघरला, तिथून मिळेल त्या गाडीनं घोडेगावला. मी कॅमेरा खांद्याला मारून निघायचो. म्हाताऱ्याला खांबाला टेकवून बसवलेलं असायचं, डोक्याला पागोटं, गळ्यात उपरणं. सगळं जागच्या जागी, फक्त डोळे मिटलेले.

आणि डोळे मिटलेला माणूस भिंतीवर लावत नाहीत. घरात मढं ठेवल्यासारखं होतं. म्हणून डोळे बसवावे लागत. कागदावर फोटो उतरला की पापणीवर ब्लेडच्या टोकानं हलकं खरवडायचं, पांढरं काढायचं. मग दहा-बारा केसांचा बारीक ब्रश घेऊन काळी बाहुली भरायची. शेवटी बाहुलीत उजेडाचा ठिपका ठेवायचा. तो ठिपका पडला की माणूस बघायला लागतो. तो चुकला तर माणूस दोनदा मरतो.

हे मी जुन्नरला एका उस्तादांकडं शिकलो. ते म्हणायचे, "बबन, चेहरा कागदावर उतरतो, नजर उतरत नाही. ती घरच्यांना विचारून घालायची. डोळे कसे होते, मोठे का बारीक, काळे का घारे, आधी विचार." मी सगळं शिकलो, तेवढं विचारायचं शिकलो नाही. कारागिरानं गिऱ्हाइकाला विचारायचं म्हणजे सुतारानं रंधा कसा धरू म्हणून विचारण्यासारखं. मी दुकानातला दाढीचा आरसा समोर ठेवायचो, आरशात बघायचो आणि काढायचो. बायकांना वरून थोडं काजळ, पुरुषांना भुवई जाड. बाकी माल तोच.

म्हणजे काय, ते आता कबूल करतो. डिंभ्यापासून भीमाशंकरपर्यंत ज्या ज्या घरात मी फोटो दिला, त्या त्या घरातला मयत माणूस माझ्या डोळ्यांनी बघत होता. हे जगात मला एकट्याला माहीत होतं. निदान मी तसं समजून चाललो होतो.

माझा मान मात्र मोठा. कुठल्याही वाडीत मी शिरलो की ओट्यावर बसलेल्या बायका लगबगीनं डोक्यावर पदर घ्यायच्या. तलाठी आला तरी घेत नसत. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, "मान असा असतो." ती म्हणायची, "असंल."

तर त्या साली आषाढात दुकानासमोर एक मोटार थांबली. आतून काळा कोट, डोक्याला गोल काळी हॅट आणि हातात छत्री असा एक गृहस्थ उतरला. पाऊस थांबलेला, तरी छत्री उघडून दुकानात आला. आत आल्यावरही मिटली नाही. मागून त्याची बायको. तिला सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणतो.

"मी चित्रकार आहे," गृहस्थ म्हणाले. "अतिवास्तववादी."

आमच्या तालुक्यात वादी म्हणजे कोर्टातला. मी विचारलं, "साहेब, प्रतिवादी कोन हाये?"

मॅडम हसल्या. साहेब हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "वास्तव." मी म्हटलं, असेल कुणीतरी मुंबईतला.

त्यांनी तळेघरच्या पुढं, पाऊण तास चालून जावं लागतं अशा एका वाडीत हौसाबाईच्या घराची पडवी भाड्यानं घेतली होती. हौसाबाई माझ्याच वयाची, विधवा, दोन खाचरं भात आणि वर नाचणीचा तुकडा एकटीनं करणारी. तिच्या नवऱ्याचा, धोंडूचा फोटो मीच काढलेला, सोळा-सतरा वर्षांपूर्वी, तो गेल्यावर. साहेबांना त्यांचे स्वतःचे आणि मॅडमचे फोटो हवे होते. घरगुती म्हणाले. काळे-पांढरेच हवेत, रंगीत नको. मी खूश झालो, कारण रंगीत रोल पुण्याला धुवायला पाठवावा लागे. काळा-पांढरा माझ्या हातचा.

घरगुती फोटो म्हणजे मी समजत होतो नवरा-बायको शेजारी शेजारी, हात मांडीवर. पहिल्याच दिवशी साहेब भाताच्या बांधावर माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मॅडमही पाठ करून. मी म्हटलं, "तोंड इकडं करा." साहेब म्हणाले, "नाही. असाच."

"अहो पाठ तर सगळ्यांची सारखीच असती."

"तेच," साहेब म्हणाले.

काढला. पाठ आली झकास. पलीकडच्या खाचरात लावणी करणाऱ्या बायकांना वाटलं मोजणीवाले आले, त्यांनी चिखलाच्या हातानं पटकन बांध सरळ करून घेतला.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी हौसाबाईचं इरलं मागितलं. इरलं म्हणजे पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पानांचं टोपरं. ते खुर्चीवर उभं केलं, खाली आपला कोट लटकवला, आणि त्याच्या शेजारी मॅडमला उभं केलं, तोंडापुढं सूप धरून. म्हणाले, "काढा. आम्हा दोघांचा आहे."

हौसाबाई दारातनं बघत होती. "पावणं, यात तुमी कुठं हाय? आन बाईचं त्वांड सुपात. मग फोटू इरल्याचा म्हना की."

"आजी, माणूस दिसला की आपण बघायचं थांबवतो," साहेब म्हणाले.

"आजी कुनाची. तुमच्याच वयाची हाय मी," हौसाबाई म्हणाली, आणि आत गेली.

मग एकदा नाचणीची भाकरी तोंडापुढं धरून. चेहऱ्याच्या जागी अख्खी भाकरी, वर हॅट. हौसाबाईला राहवलं नाही. "भाकरी तोंडालाच लावायची असती पावणं, पर आतल्या बाजूनं."

मुंबईहून साहेबांचे दोन मित्र आले होते. ते त्या भाकरीपुढं हात जोडल्यासारखे उभे राहून म्हणाले, केवढा प्रश्न उभा केलायस. मी म्हणालो, प्रश्न कसला, गार होतीय ती. त्यांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढं जपून बोलू लागलो.

मी या कुठल्याच फोटोच्या मागं दुकानाचा शिक्का मारला नाही. साहेबांनी विचारलं तर सांगितलं, "शिक्का तोंडाला असतो. तोंड दाखवा, शिक्का घ्या."

श्रावणात एका सकाळी निरोप आला, आज समोरून फोटो काढायचाय, दोघांचा, तोंडं दाखवून. मला वाटलं, आला माणूस ताळ्यावर. भाताच्या खाचरातच दोन खुर्च्या मांडल्या, पाय पाण्यात. ऊन पडलेलं. मी त्यांना उन्हाकडं तोंड करून बसवलं. माझ्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागायचं. आत चित्र एवढंसं दिसतं, आणि साहेबांची हॅट डोळ्यांवर सावली टाकत होती. बारा फोटोंचा रोल, बाराच्या बारा काढले. दर वेळी ओरडलो, "हलू नका, डोळे उघडे ठेवा." दोघं हू की चू न करता बसलेली. वाटलं, असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

दुकानात येऊन रोल धुतला. बारापैकी बाराही मिटलेले, दोघांचेही.

दुसऱ्या एखाद्यानं विचार केला असता. मी विचार करत नाही, दुरुस्त करतो. मला वाटलं, चूक माझी. उन्हाकडं तोंड करून बसवलं ते मी. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते झालं, आणि कुणासमोर, तर मुंबईच्या माणसासमोर. त्यांना कळायच्या आत झाकायला पाहिजे. त्यातला एक चांगला फोटो निवडला, मोठा केला, भिंतीवर लावायच्या मापाचा. दोन दिवस आरसा पुढं घेऊन बसलो आणि चार डोळे बसवले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सरस काम. मागं शिक्का मारला, जरा जोरातच.

पडवीत नेऊन दिला तेव्हा साहेबांनी तो हातभर लांब धरून पाहिला. मग अगदी हळू विचारलं, "हे काय आहे?"

"फोटो."

"बबनराव, आम्ही डोळे मिटले होते."

"त्ये समजलं मला. उनामुळं. म्हनून तर..."

"ऊन नव्हे. मुद्दाम मिटले होते. सगळं जग उघड्या डोळ्यांनी बघतं आणि त्याला काही दिसत नाही. आम्ही स्वप्न बघत होतो."

"मग घरात झोपायचं ना साहेब. चिखलात खुर्ची कशाला?"

साहेब संतापले. हॅट काढून आपटली. मी त्यांना हॅटशिवाय पहिल्यांदाच पाहिलं, मध्ये टक्कल होतं. मॅडम मात्र फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे बघ. तुझे आणि माझे डोळे सारखेच आहेत."

साहेबांनी भिंग काढलं. एकेका डोळ्यावर धरलं. "या बाहुलीत काय आहे हे? चौकोन. मध्ये रेघ. खिडकी आहे ही. एका गजाची खिडकी."

माझ्या दुकानाच्या खिडकीला एकच गज उरलाय. दुसरा गंजून पडला. आरशात बघताना डोळ्यात तीच खिडकी दिसते, आणि माझा हात जे दिसतं ते काढतो. पण कुणी भिंग लावून बघेल हे धरलेलं नव्हतं.

साहेबांनी मान वर केली. पडवीच्या दारावर धोंडूचा फोटो होता, काच धुरकटलेली. हौसाबाई रानात गेली होती. ते खुर्चीवर चढले, काच बाहीनं पुसली, भिंग लावलं आणि बराच वेळ खाली उतरलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "बबनराव, ही खिडकी कुठली?"

मी म्हणालो, "गाडीची येळ झाली," आणि निघालो.

पुढचे पंधरा दिवस साहेब मोटार घेऊन, जिथं मोटार जात नाही तिथं पायी, घराघरांत हिंडले. लोक चहा करायचे, साहेब भिंत बघायचे. मग एका दुपारी दुकानात आले. छत्री मिटलेली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, खिडकी पाहिली, आरसा पाहिला, माझ्याकडं पाहिलं.

"तुमचे आहेत," ते म्हणाले.

मी ब्रश पुसायला घेतला.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? मी तीस वर्षं धडपडतोय, तोंडापुढं भाकरी धरतोय, आणि तुम्ही गुपचूप एक अख्खा तालुका तुमच्या डोळ्यांनी बघायला लावलात. मेल्यावर. खरे अतिवास्तववादी तुम्ही आहात."

मी म्हणालो, माझा कुणाशी वाद न्हाई.

त्यांनी बेत सांगितला. हे सगळे फोटो घराघरांतून महिन्याभरासाठी गोळा करायचे आणि मुंबईत मोठ्या दालनात एका भिंतीवर लावायचे. खाली माझं नाव, मोठ्या अक्षरांत. पेपरात येईल. शेजारी प्रत्येक डोळ्याचा मोठा फोटो, खिडकीसकट. "पहिला फोटो हौसाबाईंच्या घरचा. उद्या मी मागणार आहे, सगळं समजावून सांगून. तुम्ही बरोबर चला."

आता माझी अवस्था काय झाली ते सांगतो. तिसरीतला माणूस. मुंबईत मोठ्या अक्षरांत नाव. कुणाला नको असतं? पण ते नाव ज्यामुळं येणार, तेच इथं कळलं की माझं नाव जाणार. ज्या घरानं बापाचा म्हणून फोटो पुजला, दसऱ्याला हार घातला, तिथं उद्या कळणार की बाप नुसता कातड्याचा, बघत होता तो घोडेगावचा फोटोवाला. कोण मला दारात उभं करेल? आणि माझं जाऊ दे, त्यांच्या बापाचं काय? त्याला मी दुसऱ्यांदा मारला असं होईल. दोन घास खाली उतरेनात. बायकोनं विचारलं, काय झालं. म्हणालो, दाढ दुखतीय. मनाशी ठरवलं, आपण आधी जायचं आणि हौसाबाईच्या पायावर डोकं ठेवायचं. एकसष्ट वर्षांत ते कुणाच्याच पायावर ठेवलेलं नव्हतं.

पण साहेब मोटारीनं निघाले आणि मी एसटीनं. मी पोचलो तेव्हा साहेब ओट्यावर बसून हौसाबाईला समजावत होते. मी अंगणात शिरताच शेजारच्या दोघी बायकांनी पदर घेतला. मला तो मान त्या दिवशी काट्यासारखा बोचला.

"...म्हणजे आजी, हे डोळे तुमच्या मालकांचे नाहीत. हे ह्यांचे आहेत," साहेब माझ्याकडं बोट करून म्हणाले.

झालं होतं. मी अंगणातच थांबलो, पायात चपला तशाच.

हौसाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सुपातनं मान वर केली नाही. "मग?"

"म्हणजे, तुम्हाला धक्का बसला असेल..."

"कशाचा धक्का? हा फोटू घिऊन दारात आला तवाच बघितलं की. फोटूकडं बघितलं, ह्याच्याकडं बघितलं. समद्या वाडीला ठावं हाय. तुमाला आज कळलं?"

मी म्हणालो, "हौसाबाई, तुला ठावं व्हतं?"

"न ठावं व्हायला काय झालं? ह्या बाया तुला बघून पदर का घेत्यात? परत्येकीच्या घरात तू सासरा म्हनून टांगलाय. तू वाडीत आला की सासरा उठून आल्यावानी वाटतंय."

शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी चपला काढल्या आणि ओट्याच्या कडेला बसलो. इतक्या वर्षांचा मान, आणि तो माझा नव्हताच.

"मग बोललीस का न्हाई कवा?" मी विचारलं.

आता तिनं सूप खाली ठेवलं. "आमचं ह्ये चकनं व्हतं. तुला ठावं न्हाई, तू त्येला मेल्यावरच बघितलास. एक डोळा माझ्याकडं आन एक भीमाशंकराकडं. सौंसार केला इतकी वरसं, पर मानूस माझ्याकडं बगतोय का देवाकडं, ह्ये कळलं न्हाई कदी. तू फोटू आनलास, त्यात दोनी डोळं माझ्याकडं. म्हनलं, ऱ्हाऊं दे. गेल्यावर तरी नीट बगतंय."

मी म्हणालो, "चकनं करून देऊ का? खरं व्हतं तसं?"

"खबरदार फोटूला हात लावलास तर."

साहेबांनी घसा खाकरला. "एक महिन्याचाच प्रश्न आहे. मुंबईला हजारो लोक बघतील."

"हजार लोकांनी बगून काय करायचं? त्येनं माझ्याकडं बगायचं असतं," हौसाबाई म्हणाली. "आन म्हयनाभर मी कुनाला बगून भाकरी थापू? तुमाला फोटू पायजे तर तुमचाच न्या की. ह्यानं तुमालाबी डोळं दिल्यात."

साहेबांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि तेव्हा मी त्या माणसाचे डोळे पहिल्यांदा पाहिले. घारे होते. मी काळेभोर बसवले होते.

पुढं साहेबांनी खरंच तो एकच फोटो मुंबईत लावला, भाकरी आणि इरल्याच्या मधोमध. तिथल्या जाणकारांनी म्हणे डोळ्यांचीच वाहवा केली. चित्रकारानं ग्रामीण नजर उसनी घेतली, असं कुणीतरी छापलं. उसनी घेतली खरी. परत काही केली नाही. फोटोखाली माझं नाव होतं म्हणतात, मी बघायला गेलो नाही. मागं शिक्का आहे, तेवढं बास.

पण ते सगळं नंतर. हौसाबाईच्या ओट्यावरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं. झाडलोट केली, आणि दाढीचा आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. ठरवूनच ठेवला. तेवढ्यात पारगावकडचा एक गृहस्थ आला. त्याची आई वारली होती. तिचा जन्मात एकच फोटो निघालेला, पुतण्याच्या लग्नातला, आणि फ्लॅश पडला तेव्हा म्हातारीनं नेमके डोळे मिटलेले. म्हणाला, "अण्णा, डोळं उघडून द्या. तुमचा हात चांगलाय म्हनत्यात."

मी फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला. उस्तादांनी सांगितलेलं आठवलं. धंद्यात इतकी वर्षं गेल्यावर, पहिल्यांदा, गिऱ्हाइकाला विचारलं, "आईचं डोळं कसं व्हतं?"

तो गोंधळला. टोपी काढून डोकं खाजवलं. छताकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मी थांबलो. चांगला वेळ दिला.

"डोळं व्हय," तो म्हणाला. "व्हतं की. चारचौघांसारखं."

मी आरसा पुन्हा सुलटा केला.